जोडधंदा बंद करायची वेळ आली तर

‘बिग बॉस मराठी’ मोबाइलवर बघणाऱ्या घरांनी थोड्या वर्षांत तीन नावं पाहिली. आधी वूट, मग जिओसिनेमा आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टार. प्रेक्षकाला त्याचं फारसं काही वाटत नाही. नवं ॲप उतरवायचं, पासवर्ड विसरायचा, पुन्हा नवा घालायचा, एवढाच ताप. पण ज्याचा स्वतःचा धंदा आहे आणि त्याला लागून ज्याने दुसरं काहीतरी उघडलं आहे, त्याने या घडामोडी जरा बारकाईने बघाव्यात. क्लास चालवता चालवता काढलेलं व्हिडिओचं ॲप, मिठाईच्या दुकानाला जोडलेला कॅफे, छापखान्याने सुरू केलेली भेटवस्तूंची वेबसाइट ही सगळी त्याच जातीची. मोठ्या कंपनीची दुसरी सेवा सुरू होते आणि बंद पडते ती जगासमोर. तारखा कळतात, कारणं कळतात, चुकाही कळतात. आपल्याकडचा जोडधंदा मात्र एक दिवस शटर ओढून गप्प होतो आणि त्यातून शेजारचा दुकानदारही काही शिकत नाही.

अमेरिकेतल्या फिल्मस्ट्रक या सेवेची गोष्ट मला यासाठी सगळ्यात उपयोगी वाटते. जुने चित्रपट दाखवणारी टर्नर क्लासिक मूव्हीज ही वाहिनी आणि अभिजात चित्रपट निगुतीने जपून लोकांपुढे आणणारी, १९८४ पासूनची क्रायटेरियन ही छोटी कंपनी, या दोघांनी १ नोव्हेंबर २०१६ रोजी ती सुरू केली. सत्यजित राय यांची ‘अपू’ चित्रत्रयी ज्या संग्रहात आहे तो हाच क्रायटेरियनचा संग्रह. महिन्याला ६.९९ डॉलर, आणि क्रायटेरियनचा संग्रह हवा असेल तर १०.९९ डॉलर. चित्रपटाबरोबर प्रस्तावना, मुलाखती, जाणकाराची टिपणं असत. ग्राहक थोडे होते, पण जीव टाकणारे होते.

जून २०१८ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने टाइम वॉर्नर हा अख्खा समूह सुमारे ८५ अब्ज डॉलरना घेतला. त्यात टर्नर आली आणि टर्नरबरोबर फिल्मस्ट्रक आली. १० ऑक्टोबरला नव्या मालकांनी सांगितलं की सगळा माल एकत्र करून एक मोठी सेवा काढणार. पुढे हीच एचबीओ मॅक्स झाली. १६ ऑक्टोबरला याच समूहातली, कोरियन मालिका दाखवणारी ड्रामाफीव्हर बंद झाली. २६ ऑक्टोबरला फिल्मस्ट्रक बंद होणार असल्याचं जाहीर झालं आणि २९ नोव्हेंबरला ती बंद झाली. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: प्रेक्षक निष्ठावान आहेत, पण वर्ग मर्यादित आहे. मार्टिन स्कॉर्सेसी, ख्रिस्तोफर नोलन, स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी वॉर्नरच्या प्रमुखाला पत्र लिहिलं. पन्नास हजारांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. निर्णय बदलला नाही.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात आणि मोठ्या भांडवलाच्या नावाने बोटं मोडतात. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. फिल्मस्ट्रक अजून चालू असतानाच, १६ नोव्हेंबरला, क्रायटेरियनने जाहीर केलं की आम्ही स्वतःची सेवा काढतो. ८ एप्रिल २०१९ रोजी क्रायटेरियन चॅनेल सुरू झालं. चित्रपट बरेचसे तेच, हाक मारली तीही त्याच प्रेक्षकांना, दरही जवळपास तोच. आणि ते आजही चालू आहे. म्हणजे जो धंदा एटी अँड टीच्या वहीत लक्ष द्यायच्याही लायकीचा नव्हता, तोच क्रायटेरियनच्या वहीत पोटापाण्याचा ठरला.

नफा कोणाच्या वहीत बघायचा

तुमचा जोडधंदा तोट्यात आहे असं तुमचा हिशेबनीस म्हणतो, तेव्हा आधी तो आकडा कसा आला ते विचारा. समजा, तुमचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत तुम्ही छपाई केलेल्या भेटवस्तूंचं काम घेता. जागेचं भाडं महिना ३०,००० रुपये. त्यातले १०,००० हिशेबनीसाने भेटवस्तूंच्या नावावर टाकले आणि त्यामुळे तिथे दरमहा ४,००० तोटा दिसतो. उद्या तुम्ही ते काम बंद केलंत तर घरमालक १०,००० कमी घेणार आहे का? नाही. भाडं तेवढंच राहणार आणि आजवर त्या कामातून भाड्याला हातभार म्हणून येणारे ६,००० मात्र थांबणार. कागदावर तोटा गेला, गल्ल्यातले सहा हजारही गेले. ती खोली दुसऱ्या कशाला वापरता येणार असेल किंवा भाड्याने देता येणार असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग ते नवं उत्पन्न कागदावर मांडा, अंदाजपंचे धरू नका.

याच्या उलटही होतं, आणि आपल्याकडे हेच जास्त होतं. जोडधंदा नफ्यात दिसतो, कारण मालकाच्या वेळेची किंमत कोणी लावलेलीच नसते. दुकानातल्या पोराने अर्धा दिवस पार्सलं बांधली त्याचा पगार मूळ धंद्याच्या खात्यात पडतो. वहिनी रात्री अकरा वाजता ग्राहकांच्या व्हॉट्सॲपला उत्तरं देतात, त्याची नोंद कुठेच नसते. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मूळ दुकानात गर्दी उसळलेली असताना मालक मागच्या खोलीत कपवरचे फोटो नीट बसवत असतो. म्हणून एक महिना वही ठेवा. कोणाचे किती तास कुठे गेले, एवढंच लिहा. तेच तास मूळ धंद्यात घातले असते तर काय मिळालं असतं, याचा ढोबळ आकडा शेजारी मांडा. माझ्या मते जोडधंदा बंद करण्याचं सगळ्यात खरं कारण इथे सापडतं. तोटा असलाच पाहिजे असं नाही.

हे दोन्ही हिशेब करूनही तुमच्या वहीत तो बसत नसेल, तर फिल्मस्ट्रकची गोष्ट आठवा आणि विचारा: दुसऱ्या कोणाच्या वहीत बसेल का? तो प्रत्यक्ष सांभाळणारा तुमचा माणूस असेल, माल पुरवणारा भागीदार असेल, गावातलाच एखादा छोटा व्यावसायिक असेल. महिना वीस हजार सुटणारं काम तुमच्यासाठी डोकेदुखी असेल, पण नोकरी सोडून स्वतःचं काही करू बघणाऱ्या तुमच्याच माणसाला ते सुरुवातीला पुरेल. यंत्र हप्त्याने द्या, ग्राहकांना त्याची ओळख करून द्या, वर्षभर थोडी टक्केवारी घ्या. भंगारात काढण्यापेक्षा यातून जास्त हाती येतं. आपल्याकडे मात्र “आपण बंद केलेलं दुसऱ्याने चालवून दाखवलं तर लोक काय म्हणतील” हा विचार फार आडवा येतो. लोक दोन दिवस बोलतील.

आता हेच दुसऱ्या बाजूने. समजा, या सगळ्यात तुम्ही एटी अँड टीच्या जागी नसून क्रायटेरियनच्या जागी आहात. तुमचे डबे दुसऱ्याच्या ॲपवर विकले जातात, तुमची व्याख्यानं मोठ्या क्लासच्या वेबसाइटवर आहेत, तुमच्या बचत गटाचा माल एखाद्या कंपनीच्या ‘ग्रामीण’ विभागातून जातो. तो विभाग त्यांचा जोडधंदा आहे, तुमची मात्र ती रोजीरोटी आहे. क्रायटेरियन वाचली कारण तिचं नाव तिच्याकडे होतं, संग्रह तिच्याकडे होता आणि डिस्क विकण्याचा तिचा स्वतंत्र धंदा चालूच होता. करार करताना तुम्हीही तीन गोष्टी लिहून घ्या. मालावर तुमचं नाव दिसेल, तुम्ही तयार केलेला मजकूर, रेकॉर्डिंग किंवा नमुना तुमच्या मालकीचा राहील, आणि सेवा बंद करायची झाली तर किमान तीन महिने आधी लेखी कळवलं जाईल. ग्राहकांची यादी बहुधा मिळणार नाही. पण पार्सलमध्ये तुमच्या पत्त्याची, फोन नंबरची चिठ्ठी टाकायला तरी हरकत नसावी, हे आधीच बोलून घ्या.

वाटणीच्या तोंडावर दुकान उघडू नका

सीएनएन प्लसचं प्रकरण छोटं आहे, पण फार बोलकं. सीएनएन या वृत्तवाहिनीने २९ मार्च २०२२ रोजी ही स्वतंत्र सशुल्क सेवा सुरू केली. मोठे निवेदक आणले, शेकडो माणसं घेतली. त्याच वेळी तिची मूळ कंपनी वॉर्नरमीडिया डिस्कव्हरीत विलीन होत होती आणि तो व्यवहार ८ एप्रिलला पूर्ण झाला. २१ एप्रिलला नव्या मालकांनी सेवा बंद करण्याची घोषणा केली आणि २८ एप्रिलला ती बंद झाली. पुरता एक महिना. नव्या मालकांना एकच मोठी सेवा हवी होती, वेगवेगळ्या छोट्या सेवा नको होत्या. पण अमेरिकेच्या स्पर्धाविषयक कायद्यानुसार व्यवहार पूर्ण होईपर्यंत एका कंपनीला दुसरीच्या कारभारात हात घालता येत नाही. त्यामुळे जुने थांबले नाहीत आणि नव्यांना थांबवता आलं नाही.

आपल्याकडे कायद्याची जागा संकोच घेतो. दोन भावांचा धंदा आहे, वर्षभरात वाटणी होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि धाकटा नव्या शाखेचा नारळ फोडतो. थोरला गप्प बसतो, कारण आत्ता बोललो तर वाटणीचं बोलणं बिनसेल. वाटणी होते, शाखा थोरल्याच्या वाट्याला येते, आणि तो पहिल्याच महिन्यात तिला कुलूप लावतो. भागीदार निघणार असेल, मुलगा किंवा सून कारभार हाती घेणार असतील, गुंतवणूकदार येणार असेल, तर जोडधंद्याचा मुहूर्त पुढे ढकला. पुढच्या मालकाचं मत विचारायला तुम्हाला कुठलाही कायदा आडवा येत नाही.

सीएनएन प्लसने आणखी एक गंमत करून ठेवली होती. सुरुवातीच्या चार आठवड्यांत सभासद होणाऱ्यांना आयुष्यभर निम्म्या दरात वर्गणी. सेवेचं आयुष्यच साधारण तेवढं निघालं. आपल्या जाहिरातींतही ‘आजीवन सभासदत्व’ सर्रास दिसतं. जिम, वाचनालय, योगवर्ग, मासिक, सगळीकडे. हे शब्द वापरू नका. फुनिमेशन या जपानी ॲनिमेशनच्या सेवेने डिस्कबरोबर डिजिटल प्रत देताना ती कायमची असल्यासारखी भाषा वापरली होती. २ एप्रिल २०२४ रोजी सेवा क्रंचीरोलमध्ये मिसळून बंद झाली, तेव्हा त्या प्रती नव्या ठिकाणी आल्या नाहीत. ग्राहक चिडले, ते साहजिकच होतं. वर्षाची योजना विका, फार तर दोन वर्षांची. त्यापुढचं वचन देण्याआधी, ते मोडावं लागलं तर किती पैसे परत द्यावे लागतील याचा आकडा काढा. तेवढी रक्कम बाजूला ठेवण्याची ऐपत नसेल तर ती योजना काढू नका.

आणि नारळ फोडण्याच्या दिवशीच एक पानभर कागद लिहा. किती महिने वाट बघायची, किती पैसे घालायचे, कोणता आकडा कोणत्या तारखेपर्यंत आला नाही तर थांबायचं, आणि थांबायचं हे कोण ठरवणार. चौथी गोष्ट लोक हमखास गाळतात. उत्साह असतो तेव्हा लिहिलेला हा कागद दोन वर्षांनी भांडणात फार कामाला येतो, कारण त्यावर सही सगळ्यांची असते.

सांगायचं कसं, कोणाला आधी

ड्रामाफीव्हरने ज्या दिवशी घोषणा केली त्याच दिवशी सेवा बंद केली. लोक मालिका अर्धवट सोडून बाहेर पडले. फिल्मस्ट्रकने निदान महिनाभर दिला आणि घोषणेच्या दिवसापासून नवे सभासद घेणं थांबवलं. हे दुसरं फार महत्त्वाचं. बंद करायचं पक्कं झालं की त्याच दिवसापासून नवी वर्गणी, नवी आगाऊ रक्कम घेऊ नका. “अजून जाहीर कुठे केलंय” असं म्हणत महिनाभर पैसे घेत राहणारा माणूस नंतर काहीही खुलासा करो, त्याला कोणी चांगलं म्हणत नाही.

अफवा उठली तर खोटं बोलू नका. गूगलची स्टेडिया ही गेम खेळण्याची स्ट्रीमिंग सेवा बंद होणार अशी चर्चा २०२२ च्या जुलैत सुरू झाली, तेव्हा तिच्या अधिकृत खात्यावरून बंद होणार नसल्याचं सांगण्यात आलं. २९ सप्टेंबरला बंद होणार असल्याचं जाहीर झालं. गेम बनवणाऱ्या काही छोट्या कंपन्यांना ही गोष्ट बाकीच्या जगाबरोबरच समजली. ज्यांनी स्टेडियासाठी माल तयार करत आणला होता त्यांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. विचारणाऱ्याला “विचार चालू आहे, ठरलं की आधी तुम्हाला सांगू” एवढं म्हणता येतं.

क्रम असा ठेवा. सकाळी तुमची माणसं, दुपारी पुरवठादार आणि भागीदार, संध्याकाळी ग्राहक. सगळं एकाच दिवशी. दोन दिवसांचं अंतर ठेवलंत तर बातमी तुमच्या आधी बाजारात पोहोचते. ग्राहकांना लिहाल त्यात शेवटची तारीख, पैसे कधी आणि कसे परत येणार आणि कोणाला फोन करायचा, हे पहिल्या चार ओळींत द्या. आभार आणि आठवणी खाली.

माणसांबद्दल थोडक्यात. सीएनएन प्लसच्या लोकांना पुढचे ९० दिवस पगार चालू ठेवून समूहातच दुसरी जागा शोधायची मुभा दिली गेली. छोट्या धंद्याला तीन महिने पेलणार नाहीत, पण मूळ धंद्यात कोणाला सामावून घेता येईल हे जाहीर करण्याआधी ठरवता येतं. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, नोटिशीचा पगार यांचा हिशेब कामगार कायदा जाणणाऱ्या सल्लागाराकडून लेखी घ्या.

पैसे परत

इथे स्टेडियाचं कौतुक करावं लागतं. गूगलच्या दुकानातून घेतलेली उपकरणं आणि स्टेडियावर विकत घेतलेले गेम यांचे पैसे ग्राहकांना परत दिले गेले. मासिक वर्गणी परत दिली नाही, पण १८ जानेवारी २०२३ ला सेवा बंद होईपर्यंत त्या सभासदांना ती फुकट वापरू दिली. शिवाय हातातला कंट्रोलर निकामी होऊ नये म्हणून त्यात ब्लूटूथ चालू करण्याची सोयही दिली. एवढ्या कडवट शेवटानंतरही हा भाग लोक चांगल्या शब्दांत आठवतात.

तुमच्याकडे पहिलं काम म्हणजे ऑटो-पे थांबवणं. यूपीआय किंवा कार्डावर ग्राहकाने दिलेली मंजुरी तुमच्या पेमेंट कंपनीकडून रद्द करून घ्या आणि रद्द झाल्याची यादी मागा. दुकान बंद आणि खात्यातून ९९ रुपये गेले, असं एकाच्या बाबतीत झालं तरी सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव दिवसभर फिरतं.

जीएसटी नोंदणी असेल तर परताव्याचे कागद दोन प्रकारचे होतात. आगाऊ रक्कम घेतली, पण बीजक काढलं नाही आणि सेवाही दिली नाही, तर रिफंड व्हाउचर. बीजक काढलेलं असेल तर क्रेडिट नोट. क्रेडिट नोटमुळे भरलेला कर कमी करून घ्यायचा असेल तर ती ज्या आर्थिक वर्षातली विक्री त्या वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत दाखवावी लागते, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलंत तर त्यापूर्वी. म्हणून मार्चच्या तोंडावर बंद करत असाल तर सीएला आधी भेटा. त्या कामासाठी वेगळी जागा नोंदवलेली असेल तर तीही नोंदणीतून कमी करून घ्यायची असते.

पैशांऐवजी मूळ दुकानात खरेदी करा, असं म्हणायचा मोह होतो. पर्याय म्हणून जरूर द्या, सक्ती करू नका. ग्राहकाला दुसरीकडे न्यायचंच असेल तर डिस्नेने अमेरिकेत काय केलं ते बघण्यासारखं आहे. तिथली मराठी घरं डिस्नेच्या हॉटस्टारवर स्टार प्रवाहच्या मालिका बघत. ती सेवा २०२२ च्या अखेरीस बंद करायची ठरली, तेव्हा वर्षभर आधी, सप्टेंबर २०२१ पासून, तिथला माल हुलू आणि ईएसपीएन प्लसवर आणायला सुरुवात झाली आणि चालू सभासदांना डिस्नेच्या सेवांचा संच उरलेल्या मुदतीसाठी जादा पैसे न घेता दिला गेला. दोन्ही दारं काही काळ एकदम उघडी होती.

नाव सोडू नका. ट्रेडमार्क घेतला असेल तर तो दहा वर्षांनी नूतनीकरण करावा लागतो, आणि पाच वर्षांहून अधिक काळ वापरलाच नाही तर त्याची झळ बसणारा माणूस तो काढून टाकण्याचा अर्ज करू शकतो. पुन्हा वापरण्याचा विचार नसेल तर विकून टाका. वेबसाइटचं डोमेन मात्र आणखी दोन-तीन वर्षं भरत राहा. ते सुटलं की तुमच्या जुन्या पत्त्यावर कोण काय विकेल सांगता येत नाही, आणि ग्राहकाला वाटतं तुम्हीच. ग्राहकांचे नंबर, पत्ते, मुलांची नावं ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं, तेव्हा ती माहिती पुसा. ‘पुढे कधीतरी’ म्हणून साठवू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. बिलं आणि कराच्या नोंदी तेवढ्या कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत ठेवा.

सगळं उरकल्यावरही काही परतावे अडकतात. खातं बदललेलं असतं, माणूस परगावी गेलेला असतो, एखादीच्या वर्गणीचे पैसे जावयाने भरलेले असतात. सेवेचा फोन किमान सहा महिने चालू ठेवा आणि तो उचलणारा माणूस नेमून द्या. न गेलेल्या रकमांची नावनिशीवार यादी सीएकडे द्या. ते पैसे उत्पन्नात घेऊ नका, ताळेबंदात देणं म्हणूनच दाखवा.